काउंटरवरचे प्रश्न आणि वेबसाइटचा मेनू: एका पुस्तकाच्या दुकानाचं प्रकरण

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पुस्तकांच्या दुकानांची जी दाटी आहे, तिथल्या एका दुकानाच्या वेबसाइटचं हे काम. साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीवर, विक्रीसाठी तिला जोडलेलं वूकॉमर्स, आणि दिसण्यासाठी एक विकत घेतलेली परदेशी थीम, म्हणजे तयार साचा. दुकानात शालेय पुस्तकं, स्पर्धा परीक्षा, कथा-कादंबऱ्या, पोथ्या, बालसाहित्य, दिवाळी अंक असं सगळंच मिळतं, त्यामुळे प्रकारांची यादी लांबलचक. मालकांची तक्रार साधी होती. गिऱ्हाईक फोन करून सांगतं की तुमच्या साइटवर अमुक पुस्तक नाही, आणि पुस्तक तर तिथे असतंच. त्यांचं म्हणणं होतं की मेनू मोठा करा, सगळं वरच दिसू द्या.

मेनूत होतं ते असं: मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, पुस्तके, नवीन, सवलत, संपर्क. दुकानाचा सगळा माल एकट्या ‘पुस्तके’खाली. त्यावर माउस नेला की खाली यादी उघडायची, त्यातल्या ‘शैक्षणिक’वर नेला की उजवीकडे दुसरी, तिच्यातल्या ‘स्पर्धा परीक्षा’वर नेला की आणखी उजवीकडे तिसरी. तिसऱ्या यादीपर्यंत पोचायचं तर कर्सर एका अरुंद पट्टीतून सरळ आडवा न्यावा लागायचा. जरा तिरका गेला की खालच्या ओळीवर पडायचा, यादी बदलायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा बोळातून कर्सर नेण्याबद्दल अॅको आणि झाय या संशोधकांनी १९९७ मध्ये एक नियम मांडला आहे: लागणारा वेळ बोळाच्या लांबीला रुंदीने भागल्यावर येणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात वाढतो. आमच्या मेनूत ओळीची उंची जेमतेम आणि लांबी भरपूर, म्हणजे हिशेब दोन्हीकडून उलटा. त्यात तीन याद्या कधीच एकत्र डोळ्यांसमोर येत नव्हत्या. दुसऱ्या फांदीत काय आहे हे बघायचं तर पहिली मिटायची.

यावरचा उपाय नवा नाही. एकाखाली एक उलगडणाऱ्या याद्यांऐवजी एकच रुंद पॅनेल उघडायचं, त्यात रकाने, रकान्यांना मथळे, आणि सगळे दुवे एकाच वेळी समोर. याला मेगा मेनू म्हणतात. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००९ मध्येच अशा पॅनेलची बाजू घेतली होती, आणि त्यांचा मुख्य मुद्दा आजही पटतो: सगळं एकदम दिसलं की वाचणाऱ्याला आठवून ठेवावं लागत नाही, तो नुसती तुलना करतो. वर्डप्रेसमध्ये असं पॅनेल लावून देणारी प्लगइन, म्हणजे वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर, आयती मिळतात, एका दुपारी काम उरकतं. पण पॅनेलमध्ये काय ठेवायचं हे प्लगइन सांगत नाही. या प्रकरणातला बहुतेक वेळ तिथेच गेला.

काउंटरवरची वही

साइटवरचे प्रकार पाहिले तेव्हा ललित, वैचारिक, समीक्षा, संकीर्ण, इतर अशी नावं होती. ती प्रकाशकांच्या सूचीतून जशीच्या तशी उचललेली. गोदामात पुस्तक लावायला आणि बिल करायला ही विभागणी सोयीची असते. गिऱ्हाईक मात्र काउंटरवर येऊन ‘एक वैचारिक द्या’ असं म्हणत नाही.

म्हणून विक्रेत्यांना सांगितलं की काउंटरवर एक वही ठेवा आणि लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. सुधारून लिहू नका. जोडीला साइटच्या शोधपेटीत लोकांनी काय काय टाइप केलं तेही काढलं. वहीतल्या नोंदी अशा: ‘तलाठी भरतीचं नवीन आलंय का’, ‘सातवीतल्या मुलाला वाचायला काहीतरी, मोबाइल बाजूला ठेवेल असं’, ‘मोठ्या अक्षरातली पोथी, आजीसाठी’, ‘बारावी सायन्सचे प्रश्नसंच’, ‘लग्नात द्यायला चांगलंसं’.

वही वाचताना एक गोष्ट ठसठशीत दिसली. लोक परीक्षेवरून विचारतात, इयत्तेवरून, वाचणाऱ्याच्या वयावरून, लेखकाच्या नावावरून, किंवा पुस्तक कशासाठी हवं आहे त्यावरून. साहित्यप्रकाराचं नाव घेऊन विचारणारे थोडे, आणि ते घेतात तेव्हाही ‘कादंबरी’ किंवा ‘आत्मचरित्र’ असं नेमकं घेतात. विभागणीची ही वेगवेगळी तत्त्वं एकाच झाडात कोंबल्यामुळेच जुना मेनू तीन थरांचा झाला होता.

मग चिठ्ठ्यांचा खेळ केला. प्रत्येक प्रकार एका चिठ्ठीवर लिहिला आणि विक्रेते, अभ्यासिकेत बसणारी काही मुलं, एक शिक्षिका यांना गठ्ठे करायला सांगितलं. गठ्ठ्याला नाव त्यांनीच द्यायचं. काउंटरवर सगळ्यांत जुने असलेले दादा एकदा चिठ्ठ्यांकडे बघून म्हणाले, “हे सगळं मला विचारलं असतंत तर चहा होईपर्यंत लावून दिलं असतं.” त्यांनी लावलेही, आणि शेवटच्या रचनेत त्यांचेच गठ्ठे सर्वांत जास्त टिकले.

वाद झाला तो ऐतिहासिक कादंबऱ्यांवरून. निम्म्या लोकांनी त्या इतिहासात ठेवल्या, निम्म्यांनी कादंबरीत. दुकानात पुस्तकाला एकच फळी मिळते, म्हणून तिथे निवड करावीच लागते. मेनूत तसं बंधन नाही. एकाच पानाचा दुवा दोन पॅनेलमध्ये दिला आणि वाद मिटला. मात्र हे औषध जपून वापरायचं, कारण दहा गोष्टी दोन-दोनदा दिसू लागल्या की पॅनेलवरचा विश्वास उडतो.

मेनूच्या पट्टीवर शेवटी उरलं ते असं: स्पर्धा परीक्षा, शाळा-कॉलेज, वाचनासाठी, मुलांसाठी, पोथ्या व धार्मिक, लेखक. ‘मुख्यपृष्ठ’ काढलं, कारण बोधचिन्हावर क्लिक केलं की तिथेच जाता येतं. ‘आमच्याविषयी’ आणि ‘संपर्क’ तळाला गेले, फोनचं चिन्ह तेवढं वर ठेवलं. ‘इतर’ पूर्ण बंद. ज्याला जागा सापडत नाही ते तिथे टाकायचं, अशी सवय लागलेली होती.

पॅनेल सगळी सारखी नाहीत

तयार नमुन्यांत प्रत्येक पॅनेलला चार सारखे रकाने असतात आणि उजवीकडे एक चित्र. दिसायला नीटनेटकं, पण इथे चाललं नसतं.

स्पर्धा परीक्षांचं पॅनेल दोन भागांत केलं. डावीकडे परीक्षा: राज्यसेवा, गट ब, गट क, तलाठी, पोलीस भरती, यूपीएससी, बँक, टीईटी, सेट-नेट. उजवीकडे विषय: मराठी व्याकरण, अंकगणित व बुद्धिमत्ता, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, चालू घडामोडी. अभ्यास करणारी मुलं दोन्ही वाटांनी येतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे जुन्या, बहुपर्यायी पद्धतीची पुस्तकं आणि नवी पुस्तकं एकाच पानावर मिसळून दिसत होती आणि चुकीचं पुस्तक मागवलं जात होतं. म्हणून ‘राज्यसेवा’च्या खाली ‘वर्णनात्मक पद्धत’ असा वेगळा दुवा दिला. मेनूत एखाद्या गोष्टीला स्वतंत्र ओळ कधी द्यावी, याचं मला पटणारं उत्तर हेच: ती ओळ नसेल तर माणूस चुकीची वस्तू विकत घेईल, तेव्हा.

शाळेच्या पॅनेलमध्ये ‘इयत्ता पहिली, इयत्ता दुसरी’ अशी बारा ओळींची यादी करण्यात काही अर्थ नव्हता. १ ते १२ असे आकड्यांचे चौकोन मांडले. लहान बटणांबद्दल डब्ल्यूसीएजी २.२ या, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून ठरवलेल्या निकषांत किमान २४ पिक्सेलची अट आहे. आम्ही ४४ घेतले, कारण ही साइट उघडणाऱ्या पालकांच्या हातात फोन असतो, माउस नसतो.

मुलांच्या पॅनेलमध्ये आधी वय आणि मग विषय. त्यावर दादांचा आग्रह होता आणि तो बरोबर होता. भेट देणाऱ्याला मुलाची आवड माहीत नसते, वय माहीत असतं.

लेखकांचं पॅनेल सर्वांत अवघड गेलं. मराठी वाचक लेखकाला आडनावाने शोधेल, आद्याक्षरांनी शोधेल, की टोपणनावाने, काही सांगता येत नाही. कुसुमाग्रज हवे असणारा ‘क’ पाहील किंवा ‘शिरवाडकर’ म्हणून ‘श’ पाहील, म्हणून नोंद दोन्हीकडे, पान एकच. शिवाय संगणकाचा साधा क्रम आपल्या वर्णमालेप्रमाणे लागत नाही. युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेल्या अंकांप्रमाणे लावलं की ‘ज्ञ’ने सुरू होणारी नावं ‘ज’मध्ये आणि ‘क्ष’ची ‘क’मध्ये जातात, तर आपण ती ‘ह’ आणि ‘ळ’ यांच्यानंतर शोधतो. यावर उपाय सोपा आहे. जावास्क्रिप्टमध्ये भाषेप्रमाणे क्रम लावण्याची सोय आहे, तिला भाषा मराठी असल्याचं सांगायचं. पॅनेलमध्ये सगळी नावं न देता अक्षरांची जाळी आणि जास्त विचारले जाणारे थोडेच लेखक ठेवले.

मालकांना प्रत्येक पॅनेलमध्ये मुखपृष्ठांची चित्रं हवी होती. ती दिली असती तर पॅनेल कोणी उघडो न उघडो, साइटच्या प्रत्येक पानासोबत चित्रांचा भार वाहण्याची भीती होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चित्राकडे डोळा जातो आणि बाजूच्या ओळी वाचायच्या राहतात. चित्रं काढली. मालक अजून थोडे नाराज आहेत.

हात फिरवला की उघडावं की क्लिक केल्यावर

“अहो, नुसता हात फिरवला की उघडलं पाहिजे. त्या मोठ्या साइटवर बघा, कसं झटकन उघडतं,” असं मालक म्हणाले. ती मोठी साइट म्हणजे अॅमेझॉन, आणि तिच्या जुन्या विभागांच्या मेनूची गोष्ट सांगण्यासारखी आहे. माउस नेताच उपयादी क्षणात उघडायची, पण तिरका कर्सर नेला तरी ती मिटायची नाही. २०१३ मध्ये बेन केमन्स या प्रोग्रॅमरने त्यामागची युक्ती उलगडून दाखवली. कर्सर जिथे आहे तिथपासून उपयादीच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यापर्यंत एक अदृश्य त्रिकोण धरायचा. कर्सर त्या त्रिकोणातून चालला असेल तर माणूस उपयादीकडेच निघाला आहे असं समजून बाकीच्या ओळी उघडायच्या नाहीत. याच जातीची कल्पना ब्रूस टोग्नाझिनी यांनी अॅपलमध्ये असताना, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, मॅकच्या मेनूसाठी मांडली होती. मधल्या काळात वेब बनवणारे ती विसरले आणि त्यांनी उघडायला-मिटायला थोडा उशीर लावून काम भागवलं.

हा त्रिकोण आम्हाला लावता आला असता. माउस नेल्यावर साधारण अर्धा सेकंद थांबून पॅनेल उघडायचं, ही नील्सन यांची शिफारसही वापरता आली असती. तरी क्लिकच ठरलं. रुंद पॅनेल अर्धं पान झाकतं. शोधपेटीकडे निघालेला कर्सर पट्टीवरून गेला आणि पॅनेल धाडकन उघडलं तर माणूस वैतागतो. फोनवर होव्हर, म्हणजे क्लिक न करता नुसता कर्सर वर नेणं, हा प्रकार नसतोच, आणि टचस्क्रीनच्या लॅपटॉपवर तो कधी असतो, कधी नसतो. क्लिक मात्र बोट, माउस आणि कीबोर्ड या तिघांनाही एकसारखं कळतं.

क्लिकची एक किंमत आहे. जुन्या मेनूत ‘पुस्तके’ या शब्दावर क्लिक केलं की सगळ्या पुस्तकांचं पान उघडायचं. आता त्याच शब्दाने पॅनेल उघडायचं तर ते पान कुठून उघडणार? म्हणून पट्टीवरच्या शब्दांची बटणं केली आणि प्रत्येक पॅनेलमध्ये पहिलाच दुवा ‘स्पर्धा परीक्षेची सगळी पुस्तकं’ असा दिला. मालकांना दुकानातच काही गिऱ्हाइकांच्या हातात माउस देऊन दाखवलं. कोणी अडलं नाही. मग ते म्हणाले, “ठीक आहे, पण उघडतं हे कळलं पाहिजे.” म्हणून शब्दापुढे खाली वळलेला छोटा बाण आला. सूचना योग्यच होती.

थीमशी झटापट

बांधणी करताना ज्या अडचणी आल्या, त्यांतल्या बऱ्याच या थीमने आपल्यासाठी आधीच घेतलेल्या निर्णयांच्या होत्या. पॅनेल पट्टीच्या पूर्ण रुंदीचं हवं होतं, पण थीमने मेनूतल्या प्रत्येक शब्दाला स्वतःची चौकट दिली होती आणि पॅनेल त्या शब्दाच्या रुंदीत अडकत होतं. जागा कुठल्या चौकटीपासून मोजायची ते सांगणारी पोझिशन रिलेटिव्ह ही ओळ शब्दावरून काढून पूर्ण शीर्षपट्टीवर नेली तेव्हा ते मोकळं झालं. मुख्यपृष्ठावरचा हलता बॅनर पॅनेलच्या वर येत होता. अशा वेळी झेड-इंडेक्सचा, म्हणजे कोणता थर वर दिसेल ते ठरवणारा, आकडा नऊ-नऊ-नऊ-नऊ असा वाढवत नेण्याचा मोह होतो. पण शीर्षपट्टीचा थरच बॅनरच्या खाली असेल तर तिच्या आतल्या पॅनेलला कितीही मोठा आकडा दिला तरी ते वर येत नाही. आकडा शीर्षपट्टीला द्यायचा असतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. मिटलेलं पॅनेल थीम फक्त पारदर्शक करत होती. डोळ्यांना ते दिसत नव्हतं, पण त्यातले सगळे दुवे जागेवर होते. टॅब दाबत जाणाऱ्याला पट्टीवरून शोधपेटीपर्यंत पोचायला न दिसणाऱ्या डझनावारी दुव्यांतून जावं लागायचं. पारदर्शकतेच्या जोडीला पूर्ण लपवणारी व्हिजिबिलिटी हिडन ही ओळ लावली की हे दुवे रांगेतून बाहेर पडतात.

मराठीचे प्रश्न वेगळेच. इंग्रजी मेनू डौलदार दिसावा म्हणून थीमने अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडली होती. देवनागरीत त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि ‘स्पर्धा परीक्षा’ हे शब्द दातांत फटी असल्यासारखे दिसतात. ही जागा, म्हणजे लेटर-स्पेसिंग, शून्य केली. ओळीची उंची १.२ होती, त्यात रफार आणि वरच्या मात्रा कापल्या जात होत्या, ती १.६ केली. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हतीच, त्यामुळे विंडोजवर एक वळण दिसायचं आणि अँड्रॉइडवर दुसरं, आणि शब्दांची रुंदी बदलल्यामुळे पट्टी कधी एका ओळीत मावायची, कधी दोन ओळींत जायची. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हा फॉन्ट घेतला. तो मोफत आहे, लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो, आणि मेनूसाठी त्याची दोनच वजनं पुरली.

दुकानातला संगणक १३६६ बाय ७६८ चा, त्यावर विंडोजने अक्षरं सव्वापट केलेली. तिथे स्पर्धा परीक्षेचं पॅनेल तळाला पडद्याबाहेर जात होतं आणि पट्टी वर चिकटलेली असल्यामुळे पान सरकवूनही खालच्या ओळी दिसत नव्हत्या. पॅनेलला पडद्याच्या उंचीची मर्यादा घातली आणि जास्तीचा मजकूर आतल्या आत सरकेल असं केलं. विकसकांच्या मोठ्या पडद्यांवर ही गोष्ट कधीच लक्षात येत नाही.

फोनवर आणि कीबोर्डवर

थीमने फोनसाठी वेगळा आणि संगणकासाठी वेगळा असे दोन पूर्ण मेनू पानात ठेवले होते, एक नेहमी लपलेला. म्हणजे प्रत्येक दुवा दोनदा, आणि एका जागी केलेला बदल दुसरीकडे करायचा राहून जाणार. ते काढून एकच रचना ठेवली: रुंद पडद्यावर ती रकान्यांत पसरते, अरुंद पडद्यावर एकाखाली एक उलगडते. फोनवर एक भाग उघडला की आधीचा आपोआप मिटवावा का, यावर थोडी चर्चा झाली. मिटवला नाही. आधीचा भाग मिटला की खालचं सगळं वर सरकतं आणि बोटाखालची ओळ बदलते.

कीबोर्डसाठी नियम मोजके. एंटर किंवा स्पेस दाबलं की पॅनेल उघडतं, एस्केपने मिटतं आणि फोकस, म्हणजे कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा, परत त्याच बटणावर येतो, टॅबने पॅनेलच्या बाहेर गेलं की ते आपोआप मिटतं. स्क्रीन रीडरला, म्हणजे न दिसणाऱ्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, उघडं-मिटलं कळावं म्हणून बटणावर एरिया-एक्सपांडेडची (aria-expanded) खूण. इथे अनेक प्लगइन एक गोंधळ घालतात: दुव्यांच्या यादीला ‘मेनू’ अशी एरिया (ARIA) भूमिका, म्हणजे हा घटक काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणारी खूण, देऊन टाकतात. ती भूमिका संगणकातल्या सॉफ्टवेअरच्या मेनूसारख्या यादीसाठी आहे. ती दिली की ऐकणाऱ्याला बाणांच्या कळांनी फिरता येईल असं वाटतं, आणि तसं फिरता आलं नाही तर तो अडकतो. वेबसाइटच्या दुव्यांना साधी यादीच पुरते.

एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर तपासताना कळलं की थीमने पानाची भाषा इंग्रजी म्हणून पक्की लिहून ठेवली होती. वर्डप्रेसमध्ये मराठी निवडूनही ती बदलत नव्हती. भाषेची खूण मराठी केल्यावर मराठी आवाज लागला.

नंतर

काउंटरवर येणारे ‘साइटवर सापडत नाही’ असे फोन कमी झाले, असं विक्रेते सांगतात. शोधपेटीतही आता ‘पोलीस भरती’ किंवा ‘दहावी’ असे प्रकारांचे शब्द कमी येतात आणि पुस्तकांची पूर्ण नावं जास्त येतात. म्हणजे प्रकार मेनूतून सापडतो आणि शोधपेटी जिच्यासाठी आहे त्याच कामाला लागली आहे. लेखकांचं पॅनेल लोक उघडतात खूप, पण त्यातल्या दुव्यावर क्लिक न करताच मिटवणारेही बरेच आहेत. माझा अंदाज असा की अक्षरांची जाळी बघून त्यांना शोधपेटीच जवळची वाटते. त्या पॅनेलमध्येच नाव टाइप करण्याची जागा देऊन पाहायचं ठरलं आहे.

पट्टीच्या उजव्या टोकाला हंगामाची एक जागा राखली आहे. शाळा सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे जूनमध्ये, तिथे शालेय संच येतात, ऑक्टोबरपासून दिवाळी अंक, फेब्रुवारीच्या शेवटी मराठी भाषा गौरव दिनाची सवलत. बाकीचे सहा शब्द मात्र जागा सोडत नाहीत. नेहमीचं गिऱ्हाईक शब्द वाचतही नाही, त्याचा हात जागेवर जातो.

मेनूत बदल करण्याचे अधिकार आता मालक आणि दादा या दोघांकडेच आहेत, आणि पॅनेलमध्ये एक ओळ वाढवायची तर त्याच पॅनेलमधली एक काढायची असं ठरलं आहे. वर्डप्रेसच्या मेनूत हाताने घातलेला प्रकार त्यातली पुस्तकं संपली तरी दिसत राहतो, त्यामुळे महिन्यातून एकदा रिकामी पानं तपासून काढावी लागतात. ते काम दादांनी घेतलं आहे. मालकांना सध्या वह्या, कंपासपेट्या आणि दप्तरांसाठी सातवं बटण हवं आहे. त्याऐवजी शाळा-कॉलेजच्या पॅनेलमध्ये एक रकाना द्यावा असं माझं म्हणणं आहे, आणि त्यासाठी काउंटरवर वही पुन्हा ठेवली आहे.